झाकलेले तांबडे

नेसरी हे गाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका दिवसाने अजरामर करून ठेविले आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर मोजक्या सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तेथेच पडले. गावाचे नाव काढले की मराठी माणसाच्या मनात ती खिंड उभी राहते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण याच गावी, घटप्रभेच्या काठच्या शिवारात गेले. तथापि आज ज्या इतिहासाविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे, तो खिंडीतला नसून परड्यातला आहे. त्यात तलवार नाही, घोडा नाही. आहेत त्या कोंबड्या, आणि त्यांच्या पिसांचे रंग. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु रंगावरून कूळ ठरविण्याची जी खोड मनुष्यमात्राला आहे, तिची परीक्षा या क्षुल्लक प्राण्याच्या अंगावर जितकी चोख झाली आहे, तितकी अन्यत्र क्वचितच झाली असेल.

आरंभ घरच्याच एका भांडणापासून करतो. सुमारे १९७८ सालची गोष्ट. माझ्या आजीने परड्यात एक काळाभोर कोंबडा आणि तशीच काळीभोर कोंबडी बाळगली होती. कोंबडी खुडूक होताच आजीने तिला नऊ अंड्यांच्या रवणीस बसविले. एकविसाव्या दिवशी नऊही पिले बाहेर पडली. त्यांतली सात आईबापांसारखी काळी, पोटाशी तेवढी पांढुरकी. परंतु दोन पिलांच्या पाठीवर तपकिरी पट्टे होते. रानातल्या पिलांसारखी दिसणारी ती दोन पिले पुढे तांबडी होणार, हे सांगावयास आजीला पुस्तकाची गरज नव्हती. तिचा संशय तत्काळ शेजारच्या घरातील तांबड्या कोंबड्यावर गेला. "तुमचा तांबडा आमच्या परड्यात कितींदा बघितलाय मी!" असे म्हणून तिने गडग्यावरून शेजारणीस हाक दिली. शेजारीण म्हणाली, "आक्का, आमचं कोंबडं दिवसभर डालग्याखाली झाकलेलं असतंय. त्याच्यावर कशाला आळ घेतासा?" शब्दाने शब्द वाढला. अखेर आजीने ती दोन तांबडी पिले ओच्यात घातली, शेजारणीच्या उंबऱ्याशी नेऊन सोडली, आणि "तुमचं तुम्हांला" एवढे म्हणून ती परत आली. दोन्ही घरांचे बोलणे पुढे वर्षभर बंद होते.

'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही' ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी आमच्या परड्यात ती म्हण अगदी अक्षरशः खरी ठरली होती. परंतु हे समजण्यास मला पुढे महाविद्यालयात जावे लागले.

रंगाचा प्रश्न खेड्यात केवळ हौसेचा नव्हता, हे प्रथम सांगितले पाहिजे. गावठी कोंबड्यांत तांबडी, काळी, पांढरी, कबरी, ठिपक्यांची, राखी असे जितके रंग, तितके त्यांचे उपयोग आणि तितक्या किमती. उताऱ्यासाठी काळी कोंबडी हवी. एखाद्या देवाच्या नवसाला तांबडाच कोंबडा चालतो. पांढरे पिलू घारीच्या नजरेस आधी पडते म्हणून पुष्कळ बायका ते विकून टाकीत. काळ्या कोंबडीस गिऱ्हाईक घरी चालून येई आणि दोन पैसे अधिक देई. सबब आजीने काळ्याशी काळी अशी जोडी जमविली होती, ती काही सौंदर्यदृष्टीने नव्हे. तो तिच्या मिठामिरचीचा हिशोब होता. दोन तांबडी पिले निघाली याचा अर्थ दोन गिऱ्हाइके गेली. भांडणास कारण लागते ते हे असे.

आजीला पडलेले कोडे तिच्या आधी शंभर वर्षे एका जगप्रसिद्ध पंडितालाही पडले होते. चार्ल्स डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांतील व वनस्पतींतील विविधतेवर जो द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोंबड्यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्याने स्वतः काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी, रेशमासारख्या पिसांची 'सिल्क' कोंबडी यांचा संकर केला. त्या काळ्या-पांढऱ्यांच्या संततीत एक कोंबडा असा निपजला की, त्याची तांबडी पिसे पाहून रानकोंबड्याचीच आठवण व्हावी. डार्विनने याला पूर्वजांकडे परतणे असे म्हटले. सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्याच्याच वंशातील आहेत, या त्याच्या मताला या पिलाने पुष्टी दिली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक एडवर्ड ब्लिथ याने हेच मत त्याला पत्रांतून कळविले होते. मद्रासहून पाळीव पक्ष्यांचे नमुने पाठविणारा वॉल्टर एलियट हा तर तरुणपणी धारवाडकडच्या, तेव्हा 'दक्षिण मराठा प्रांत' म्हणविल्या जाणाऱ्या आपल्याच शेजारच्या मुलखात नोकरीस होता. म्हणजे हिंदुस्थानातील पाखरांची साक्ष या खटल्यात प्रथमपासूनच होती. परंतु झाकलेला तांबडा रंग कोठे दडून बसतो आणि कोणत्या नियमाने बाहेर येतो, हे डार्विनला अखेरपर्यंत उलगडले नाही.

ते उलगडले होते ते ब्रुन येथील मठवासी ग्रेगोर मेंडेल याला. वाटाण्याच्या रोपांवरील आपले प्रयोग त्याने १८६५ साली वाचून दाखविले, १८६६ साली ते छापले गेले, आणि त्यानंतर चौतीस वर्षे त्यांकडे जवळजवळ कोणी पाहिले नाही. १९०० साली तीन निरनिराळ्या संशोधकांनी ते उजेडात आणले, तेव्हा पहिला प्रश्न हा निघाला की, वाटाण्याचा नियम प्राण्यास लागतो काय? त्याचे उत्तर केंब्रिजच्या विल्यम बेट्सनने कोंबड्यांच्या साहाय्याने दिले. १९०२ साली त्याने व एडिथ साँडर्स या विदुषीने रॉयल सोसायटीस जो अहवाल सादर केला, त्यात कोंबड्यांचे तुरे, रंग इत्यादी गुण मेंडेलच्याच नियमाने उतरतात असे दाखविले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्यूनो याने उंदरांवरून तेच सिद्ध केले. या शास्त्राला इंग्रजीत जे नाव आज रूढ आहे, ते बेट्सनने १९०५ साली सुचविले. आणि वाचकांस गंमत वाटेल ती ही की, त्याच्या कोंबड्या कोणत्याही भव्य प्रयोगशाळेत नव्हत्या. ग्रांचेस्टर येथील राहत्या घराच्या आवारात त्याने त्या पाळल्या होत्या. आमच्या आजीप्रमाणे त्यालाही हे शास्त्र परड्यातच सापडले.

मग दोघांत अंतर कोणते? आजीची नजर बेट्सनपेक्षा कमी तीक्ष्ण होती असे मला वाटत नाही. कोणते पिलू कोणत्या कोंबडीचे, हे ती पन्नास पिलांतून अचूक सांगे. अंतर एवढेच की, बेट्सन मोजीत असे आणि मोजलेले लिहून ठेवीत असे. अपवाद म्हणून जे पिलू आपण बाजूला सारतो, त्यालाच तो वहीत पहिली जागा देई.

नियम असा आहे. प्रत्येक गुणासाठी पिलाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन जनुके मिळतात. काळ्या रंगाचे जनुक प्रभावी असून तांबड्याचे अप्रभावी आहे. म्हणजे दोन्ही एकत्र आली तर पिसांवर काळा रंगच दिसतो आणि तांबड्याचे जनुक आत झाकलेले राहते. ते मरत नाही, फिके पडत नाही, काळ्यात मिसळूनही जात नाही. असा मिश्र काळा कोंबडा आणि अशीच मिश्र काळी कोंबडी यांची जोडी जमली, म्हणजे सरासरीने चार पिलांत एकाला दोन्हीकडून तांबडेच जनुक मिळते आणि ते पिलू तांबडे निपजते. उरलेली तीन काळी दिसतात. परंतु त्या तिघांतही दोघांच्या पोटी तांबडे दडलेलेच असते. आमच्या घरी नवांत दोन निघाली, ती या हिशोबात चपखल बसतात.

येथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल की, नवांत दोन एवढ्यावरून शेजारच्या कोंबड्याची निर्दोष सुटका कशी करता? शंका रास्त आहे. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकून राहते. तेव्हा खुराड्याचे दार चार दिवस लावून ठेवले एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. परंतु पुढची हकीकत मला स्पष्ट आठवते. शेजारणीचा तो तांबडा कोंबडा जत्रेला कापला गेला. गल्लीत दुसरा तांबडा नव्हता. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी आजीने त्याच काळ्या कोंबडीला पुन्हा रवणीस बसविले, आठ पिले निघाली, आणि त्यांत एकाच्या पाठीवर तपकिरी पट्टे होते! सतरांत तीन. आजी त्या पिलाकडे बराच वेळ पाहत राहिली. या खेपेस तिने कोणाला हाक मारली नाही.

आपल्या डोळ्यांस जे शुद्ध दिसते ते शुद्धच असते असे नाही, याचा याहून लखलखीत दाखला निळ्या अंदालुशियन कोंबड्यांचा आहे. युरोपातील शौकिनांना या जातीचा पारव्यासारखा निळसर राखी रंग फार प्रिय. परंतु कितीही निवडून निळ्याशी निळी जोडी लाविली, तरी पिलांत काही काळी आणि काही मळकट पांढरी, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी निघत. पिढ्यान्पिढ्या शौकीन ही 'अशुद्ध' पिले टाकून देत आणि शुद्ध निळा वाण हाती येण्याची वाट पाहत. बेट्सन आणि त्याचे सहकारी यांनी हिशोब मांडून दाखविले की, शुद्ध निळा असा वाण असूच शकत नाही. काळ्याचे एक आणि शिंतोड्याच्या पांढऱ्याचे एक अशी दोन जनुके एकत्र आली की निळा रंग होतो. म्हणून निळ्याच्या जोडीपासून चारांत एक काळे, दोन निळी, एक पांढरे हेच प्रमाण कायम यावयाचे. सगळीच्या सगळी पिले निळी हवी असतील तर उपाय एकच: टाकून दिलेले काळे आणि टाकून दिलेले पांढरे यांचीच जोडी लावणे. म्हणजे ज्याला कचरा मानून फेकीत आले, त्याच्याच पोटी हवा तो रंग सोळा आणे होता, आणि ज्याला शुद्ध म्हणून जपीत आले तेच मुळात मिश्र होते!

यानंतर रंगाचे शास्त्र पोटापाण्याच्या व्यवहारात उतरले. १९०८ साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील स्पिलमन याने पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबड्यांच्या संकरावरून असे दाखविले की, पिसांवरील आडव्या पट्ट्यांचे जनुक लिंगाशी जखडलेले आहे. पक्ष्यांत नराला ज्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, त्याची मादीला एकच असते, आणि ती तिला बापाकडून मिळते. म्हणून काळा कोंबडा आणि पट्टेदार कोंबडी यांच्या संततीत मुलगे आईसारखे पट्टेदार व मुली बापासारख्या काळ्या निघतात. पहिल्याच दिवशी नर पिलाच्या माथ्यावर फिकट ठिपका दिसतो आणि मादीच्या दिसत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात दाण्याची टंचाई पडली असता केंब्रिजच्या पनेट या प्राध्यापकाने याचे महत्त्व ओळखले: अंडी न देणाऱ्या नरांना महिनोन्‌महिने दाणा का घालावा? पुढे त्याने व मायकेल पीझने याच तत्त्वावर, १९३० च्या आगेमागे, 'कँबार' नावाची अशी जातच तयार केली की, जिची नर व मादी पिले जन्मतःच रंगावरून वेगळी ओळखता यावीत. पिसाचा रंग येथे प्रथमच खरे बोलला. परंतु आईबापांची जनुके आधी ठाऊक होती म्हणूनच बोलला.

पांढऱ्याची कथाही अशीच आहे. पांढरी कोंबडी म्हणजे पांढरी कोंबडी, असे आपण समजतो. वस्तुतः पांढरे निदान दोन परींचे आहे. पांढऱ्या लेगहॉर्नचे पांढरे प्रभावी असते. रंगीत कोंबडीशी संकर केला तरी पिले पांढरीच, फार तर एखाददुसरा काळा ठिपका असलेली निघतात. दुसऱ्या काही जातींचे पांढरे मात्र अप्रभावी असून ते एका पिढीत नाहीसे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जनुकांची अक्षरे वाचण्याची विद्या हस्तगत झाली, तेव्हा या दोहोंतील भेद अगदी मुळाशी जाऊन कळला. पिसांत मूळ रंगद्रव्ये दोनच, एक काळे आणि दुसरे तांबडे. बाकी साऱ्या छटा त्यांच्या वाटणीतून, पातळ होण्यातून वा अभावातून होतात. काळे बनवावे की तांबडे, याचा हुकूम 'एमसी१आर' या जनुकाकडून सुटतो. लेगहॉर्नच्या जनुकात काळे द्रव्य पिसात नीट मांडण्याची सोय बिघडलेली आहे, असे स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २००४ साली दाखविले. तर अप्रभावी पांढऱ्यात रंगद्रव्य तयार करणाऱ्या जनुकातच एका विषाणूचा जुना तुकडा घुसून बसला आहे, असे २००६ साली आढळले. बाहेरून दोन्ही बगळ्यासारखी. आतून दोघींचा एकमेकींशी संबंध नाही.

हा सारा इतिहास आज नेसरीच्या वाचकाला सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे, आणि ते पैशाशी निगडित आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या भागात कडकनाथ कोंबड्यांचे वेड शिरले. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूरकडच्या भिल्ल-भिलाला लोकांनी सांभाळलेली जुनी जात. तिचे मांस काळे म्हणून तिकडे तिला 'कालीमासी' म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकन मिळाले, आणि भाव वाढला. २०१९ साली सांगली, कोल्हापूर, सातारा या भागांत कडकनाथ-पालनाच्या योजनेत पैसे गुंतविलेल्या पुष्कळ शेतकऱ्यांची रक्कम बुडाली व प्रकरण पोलिसांत गेले. ती फसगत पैशाची होती, जनुकांची नव्हे. तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. परंतु त्याच सुमारास माझ्या एका चुलतभावाने एका विक्रेत्याकडून काळ्या तलंगा विकत घेतल्या, तेव्हा मला बोलावून तो म्हणाला, "दादा, बघ, पायापासून जिभेपर्यंत काळ्या आहेत. अस्सल आहेत न्हवं?" मी जनुकांचे पुस्तक वाचलेला असूनही त्या वेळी मान डोलाविली. पुढच्या वर्षी त्यांच्याच पिलांत चारांत एक या बेताने गोऱ्या कातडीची पिले निघू लागली आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली.

आम्हां दोघांची चूक कोठे झाली? पहिली गोष्ट, कडकनाथाचे वैशिष्ट्य पिसात नाहीच. या जातीत कुळकुळीत काळा, रेघांचा आणि सोनेरी असे तीन प्रकार आहेत. सोनेरी कडकनाथाची पिसे काळी नसूनही त्याचे मांस काळे असते, आणि आमच्या आजीची पिसांनी काळीभोर कोंबडी सोलल्यावर गोरी निघे. कातडी, मांस व हाडांवरील आवरण काळे करणारे जनुक वेगळे आहे. विसाव्या गुणसूत्रावरील एक भाग दुप्पट झाल्यामुळे ते कार्य घडते, हे २०११ साली कळले. चीनची सिल्की, इंडोनेशियाची काळी जात आणि आपला कडकनाथ या सर्वांत तोच फेरफार आहे. दुसरी गोष्ट, हे जनुक प्रभावी आहे. म्हणून संकराच्या पहिल्या पिढीतही काळेपणा दिसतो. तिसरी गोष्ट सर्वांत घातक. बेट्सन आणि पनेट यांनी १९११ सालीच सिल्की कोंबडा व ब्राउन लेगहॉर्न कोंबडी यांचा संकर करून दाखविले होते की, त्यातील माद्या गडद काळ्या होतात आणि नर मात्र फिके राहतात. कारण काळेपणाला आवर घालणारे दुसरे एक जनुक लिंगाशी जखडलेले आहे, आणि ते आई मुलग्यांनाच देते, मुलींना देत नाही. म्हणजे कडकनाथ कोंबडा गावठी कोंबडीवर सोडला, तर नेमक्या तलंगाच अस्सलासारख्या काळ्याशार दिसतात. माझ्या भावाने तलंगाच घेतल्या होत्या. १९११ साली छापलेली गोष्ट २०१९ साली मला आठवली असती, तर "यांचे भाऊ दाखव" एवढेच मी विक्रेत्याला म्हणालो असतो.

रंगावरून वाण ठरविण्याची आपली सवय शास्त्रज्ञांनाही पुरती ठाऊक आहे. बंगळूरची 'गिरिराज', हैदराबादची 'वनराज' या परड्यात पाळावयाच्या सुधारित जाती मुद्दाम रंगीबेरंगी ठेविल्या आहेत. याचे एक कारण असे की, रंगीत पक्षी शिकारी प्राण्याच्या नजरेस लवकर पडत नाही. दुसरे असे की, खेड्यातील गिऱ्हाइकाला ती गावठीसारखी दिसते. या जातींनी पुष्कळ घरांत अंड्यांची भर घातली आहे, यात वाद नाही. परंतु बाजारात रंगीत दिसेल ते सारे 'गावठी' म्हणून चढ्या दराने विकले जाते, आणि खरी गावठी कोंबडी, जी आपली अंडी आपण उबविते, घार आली की पिलांना पंखाखाली घेते, ती संकरामागून संकर होऊन परड्यातून नाहीशी होत चालली आहे. ती नाहीशी होत असल्याचे आपल्याला कळतही नाही, कारण रंग तोच राहतो.

येथे एका दुःखद प्रकरणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील चार्ल्स डॅव्हनपोर्ट याने १९०६ साली कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवर एक परिश्रमपूर्ण ग्रंथ लिहिला. पिसे आणि तुरे मोजण्यात तो वाकबगार होता. परंतु १९१० साली कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्याने मनुष्याच्या 'सुप्रजननाची' कचेरी काढली, आणि तुऱ्याचे गणित तो माणसाच्या दारिद्र्याला, वेडेपणाला, फार काय, दर्यावर्दीच्या समुद्रप्रेमालाही लावू लागला. एकेका जनुकाच्या नावावर माणसांची कुळे शुद्ध-अशुद्ध ठरविणाऱ्या या विचाराच्या आधारे अमेरिकेत हजारो माणसांची सक्तीने नसबंदी झाली, आणि जर्मनीत १९३३ नंतर त्याचे काय झाले ते जगाने पाहिले. निळ्या अंदालुशियन कोंबडीने शिकविलेला धडाच डॅव्हनपोर्ट विसरला: बाहेरून दिसणाऱ्या खुणेवरून आतल्या कुळाचा निवाडा करता येत नाही. ज्या समाजात लग्नाच्या बोलणीत मुलीचा वर्ण आजही पहिल्या ओळीत येतो, त्या समाजातल्या माणसाने हे प्रकरण परक्याचे म्हणून सोडून देऊ नये.

आता अखेरची गोष्ट आपल्या सह्याद्रीची. राधानगरी-दाजीपूरच्या रानात पहाटे जो आरवतो, तो तांबडा नव्हे, करडा रानकोंबडा होय. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाच्या नावावरून शास्त्रात त्याला ओळखतात. पाळीव कोंबड्यांशी त्याच्या संकरातून फारच थोडी पिले जगतात, हे पाहून डार्विनने त्याला आपल्या कोंबड्यांच्या वंशावळीतून वगळले, आणि दीडशे वर्षे ते मत प्रमाण मानले गेले. ते मत पुष्कळ अंशी खरेही आहे. २०२० साली ८६३ पक्ष्यांची जनुके तपासून पाळीव कोंबडीचे मूळ आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्यातच सापडले. परंतु २००८ साली उप्सालाच्या संशोधकांना असे आढळले की, जगातील बहुसंख्य पाळीव कोंबड्यांच्या पायांना व कातडीला पिवळा रंग देणारे जनुक तांबड्या रानकोंबड्याचे नाही. ते या करड्याचे आहे. केव्हातरी, कोठेतरी, रानातल्या एका करड्याने कोणाच्या तरी पाळीव कोंबडीशी संग केला, आणि त्याची खूण आज साऱ्या जगाच्या खुराड्यांत फिरते आहे. हेही जनुक अप्रभावी आहे. दोन्हीकडून मिळाले तरच पाय पिवळे. वंशावळीतून ज्याला वगळले, तो अशा रीतीने पायांतून उघड झाला.

ज्या वाचकांच्या परड्यात आजही चार कोंबड्या आहेत, त्यांनी एक साधी परीक्षा करून पाहावी. काळा कोंबडा शुद्ध आहे की त्याच्या पोटी तांबडे दडले आहे, हे त्याच्या पिसांवरून कळणार नाही. त्याला काही दिवस केवळ तांबड्या कोंबड्यांत ठेवावे. मात्र त्या आधी तीन आठवडे दुसऱ्या कोंबड्यापासून दूर असाव्यात. निघालेल्या पिलांत एक जरी तांबडे आले, तरी तो मिश्र ठरला. दहाची दहा काळी निघाली, तर तो मिश्र असूनही असे घडण्याचा संभव १०२४ त एक एवढाच उरतो. पिलांच्या पायांत रंगीत दोरे बांधावेत आणि मुलांना एक वही द्यावी. या शास्त्राला यापेक्षा महाग उपकरण मुळात लागलेच नव्हते.

राहिली शेजारणीची गोष्ट. आजीने उंबऱ्याशी सोडलेली ती दोन पिले तिने परत केली नाहीत. तिने ती वाढविली. दोन्ही तलंगा निघाल्या आणि वर्षभर त्यांनी त्या घरात अंडी दिली. सतरांतल्या तिसऱ्या पिलानंतर एके दिवशी आजीने माझ्या हाती वाटीभर शेंगाच्या चटणीसह भाकरी देऊन मला गडग्यापलीकडे पाठविले. चूक झाली असे ती म्हणाली नाही. तिच्या पिढीत असे म्हणण्याची रीत नव्हती. वाटी परत आली ती रिकामी आली नाही. तीत दोन अंडी होती. मेंडेलच्या हिशोबाने ती आमच्याच घरची होती. पण तो हिशोब तेव्हा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हता.